शरदातल्या सुट्टीत कोकणात काय खावे, काय प्यावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला की वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या घरी मुंबई-पुण्याहून फोन येऊ लागतात. येणाऱ्यांत नातेवाईक असतात, नातेवाइकांचे मित्र असतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते प्रश्न व त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. माझी माहिती प्रामुख्याने सिंधुदुर्गाची आहे. रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांत चाली बदलतात, तेथे तसे सांगितले आहे.

हा हंगाम नेमका कधी असतो आणि कोणत्या तारखा धराव्यात?

घटस्थापनेपासून त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंतचा, म्हणजे आश्विन आणि कार्तिकाचा पूर्वार्ध, हा काळ धरावा. इंग्रजी तारीख मात्र दरवर्षी बदलते. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला होते, म्हणजे दोन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक पडला. हा फरक प्रवासाच्या आरक्षणापुरता नाही, ताटावरही दिसतो. कोकणातले भात हळवे, निमगरवे आणि गरवे अशा तीन प्रकारांचे असते. हळवे भात सप्टेंबरच्या अखेरीस कापणीला येते, तर गरवे नोव्हेंबरपर्यंत शेतात उभे असते. दिवाळी लवकर आली तर नव्या भाताचे पोहे घाईघाईने करावे लागतात, आणि उशिरा आली तर कणगी भरलेली असते. परतीच्या पावसाचाही भरवसा नसतो. २०१९ साली ऐन दिवाळीच्या आठवड्यात ‘क्यार’ चक्रीवादळ किनाऱ्याबाहेरून गेले आणि कापून ठेवलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. त्या वर्षी अनेक घरांत जुन्या भाताच्या पोह्यांवर सण झाला. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांना ‘कापणी झाली का?’ एवढे अवश्य विचारावे.

दारावर बांधलेली भाताची लोंबी कशासाठी असते?

त्याला ‘नवे’ म्हणतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान, कुरडूचे फूल असे त्या मोसमात शेतात आणि बांधावर जे उभे असते ते एकत्र जुळवून त्याची जुडी दारावर, देवघरात, धान्याच्या कणगीवर बांधली जाते. काही गावांत हे दसऱ्याला होते, काही गावांत आश्विन पौर्णिमेला. देशावर त्या पौर्णिमेची ओळख कोजागरी म्हणून आहे, पण कोकणातल्या शेतकरी घरांत ती आधी नवान्न पौर्णिमा असते. नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली (म्हणजे नारळाच्या दुधातली) आणि गुळाची खीर करून ती देवाला दाखवल्यावरच घरातले लोक नवा तांदूळ खातात. या खिरीत सुकामेवा शोधू नये. नव्या तांदळाला चिकटपणा असतो आणि त्याला एक ओलसर, गवताकडे झुकणारा वास असतो. तो वास दडपला जाऊ नये म्हणून जाणत्या बायका वेलचीसुद्धा बेताने घालतात. रात्री आटवलेले मसाला दूध आता गावोगावी होते आणि ते चांगलेही असते, पण या पौर्णिमेची कोकणातली खरी चव दुपारच्या त्या खिरीत आहे असे माझे मत आहे.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी कोकणात पोहेच का खातात?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही पुन्हा भातातच आहे. नरकचतुर्दशीला सिंधुदुर्गात ‘चावदिवस’ म्हणतात. त्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर लाडू-चकलीच्या आधी पानावर पोहे येतात, कारण नव्या भातापासून सर्वांत लवकर तयार होणारा आणि सगळ्या वाडीला पुरेल असा पदार्थ तोच आहे.

पोहे एकाच प्रकारचे नसतात. ओले खोबरे आणि गूळ घालून कालवलेले गोडे पोहे, नारळाच्या रसातले पोहे, दूध-गुळाचे, ताकातले किंवा दह्यातले, फोडणीचे तिखट, बटाट्याचे, असे घरागणिक तीनचार प्रकार केळीच्या पानावर वाढले जातात आणि त्यांच्यासोबत काळ्या वाटाण्याचे सांबारे असते. वाडीतल्या प्रत्येक घराने दुसऱ्याला ‘पोहे खायला या’ म्हणून बोलावायचे आणि बोलावलेल्याने प्रत्येक घरी निदान दोन घास खायचेच, ही रीत आजही बऱ्याच गावांत टिकून आहे. म्हणून पहिल्याच घरी पोटभर खाऊ नये, ही सूचना पाहुण्यांना आम्ही आवर्जून करतो.

पोहे कांडणे मी लहानपणी जवळून पाहिले आहे. भात दोनतीन दिवस पाण्यात भिजवून निथळत ठेवायचे, मग चुलीवर तापलेल्या खापरात थोडेथोडे घालून भाजायचे. भात तडतडू लागले की ते तसेच गरम उखळात ओतायचे. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारीत आणि तिसरी खाली बसून, दोन घावांच्या मधल्या क्षणात हात घालून, उखळातले भात परतत असे. आजी ते परतण्याचे काम करी. तिची नजर मुसळाकडे कधीच नसे, ती आवाजावर हात घाली. निघालेले पोहे जाड, लालसर, कडेने ओबडधोबड आणि अजून कोमट असत, आणि त्यांना कोंड्याचा व भाजक्या भाताचा असा एकत्र वास येई. आज हे काम गिरणीत होते. गिरणीचे पोहे सारख्या जाडीचे आणि स्वच्छ असतात आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु लाल भाताचे, फारसे न पॉलिश केलेले पोहे मागून घ्यावेत. पांढरे पातळ पोहे ताकात घातले तर त्यांचा लगदा होतो.

कारीट फोडतात म्हणजे काय करतात, आणि ते कडू फळ खरोखर खायचे असते का?

कारीट हे काकडीच्या कुळातले, लिंबाएवढे, अत्यंत कडू रानफळ आहे. चावदिवसाच्या पहाटे स्नानानंतर तुळशीपुढे ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात आणि त्याचा किंचित रस किंवा एखादी बी जिभेला लावून कपाळालाही टेकवतात. एवढेच करायचे असते, ते चावून खायचे नसते. त्या कडवटपणानंतर तोंडात पडणारा गोड्या पोह्यांचा पहिला घास जसा लागतो तसा तो वर्षात दुसऱ्या कोणत्याही दिवशी लागत नाही.

काही गावांत त्याच पहाटे सातविणीच्या सालीचा कडू रसही घोटभर पितात. त्याबाबत मी पाहुण्यांना स्पष्टपणे सांगते की, ही साल घरातल्या जाणत्या माणसाने काढलेली असेल तरच, आणि तीही घोटभरच घ्यावी. स्वतः रानात जाऊन झाड ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण काजऱ्यासारखी विषारी झाडे याच रानात असतात. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि नियमित औषधे घेणारे यांनी तो न घेतलेला बरा.

हे पदार्थ हॉटेलात मिळतात का?

बहुतांशी नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे. नवान्नाची खीर, चावदिवसाचे पोहे, तुळशीच्या लग्नाचा प्रसाद हे सारे घरातले आणि अंगणातले आहे. हॉटेलात या दिवसांत जे मिळते ते बारमाही थाळीचेच रूप असते. घरगुती निवासात किंवा घरगुती खानावळीत उतरत असाल तर आदल्या दिवशी, शक्य असल्यास दोन दिवस आधी, ‘घरी जे कराल तेच आम्हाला वाढा’ असे सांगावे. नारळ खवणे, रस काढणे, काळे वाटाणे भिजवणे ही कामे रात्रीपासून सुरू होतात, त्यामुळे सकाळी उठून केलेली मागणी पुरी करणे त्या बाईला अशक्य असते. सणाच्या दिवशी ती स्वतःच्या घरचा सण सांभाळून तुमच्यासाठी रांधते, हे लक्षात ठेवून त्या दिवसाचे पैसे देताना घासाघीस करू नये.

नवरात्रात मासे मिळतात का?

मिळतात. बंदरे बंद नसतात. परंतु अनेक घरांत नऊ दिवस मासे-मटण वर्ज्य असते, आणि ज्या घरी घट बसलेला आहे तेथे मासे शिजवण्याचा आग्रह धरू नये. या दिवसांत उपवासाची वरी, शेंगदाण्याची आमटी, रताळी आणि सुरण असतात. नुकताच संपत आलेला चिबूडही याच सुमारास हाताशी लागतो. त्याच्या फोडी गूळ घालून खातात, आणि रस्त्याकडेला टोपलीत ठेवलेला पिकलेला चिबूड दिसला तर गाडी थांबवावी, कारण हे फळ इतके नाजूक असते की ते शहरापर्यंत धड पोहोचत नाही.

चित्पावन घरांत अष्टमीच्या रात्री तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मी उभी करतात आणि घागरी फुंकतात. पुन्हा तांदूळच.

या हंगामात कोणते मासे मागावेत?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना साधारणपणे १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. त्यामुळे ऑगस्टमध्ये बोटी उतरल्या, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, आणि आश्विनात समुद्र निवळला की खरा हंगाम लागतो. या दिवसांत बांगडा मागावा. सुरमई आणि पापलेट यांच्यामागे पाहुणे धावतात म्हणून त्यांचे भाव सुट्टीत चढतात, पण ताज्या बांगड्याला या महिन्यांत जी चरबी असते ती चव महाग मासळीला येत नाही असे आमच्याकडचा प्रत्येक खवय्या सांगेल. बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले मागावे. तिरफळाचे हिरवे घोस पावसाच्या शेवटी येतात आणि मग वाळवले जातात. आतली काळी बी टाकून द्यायची असते, उपयोग फक्त सालीचा. ते ठेचून अगदी शेवटी घालतात, आणि जिभेला किंचित झिणझिण्या आल्या म्हणजे काही बिघडले असे समजू नये, तिरफळाचा तो गुणच आहे.

पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. तो मान त्याला टिकावा असे वाटत असेल तर तळहातापेक्षा लहान पापलेट विकत घेऊ नये, कारण त्या पिल्लांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. ताजेपणा ओळखण्यासाठी कल्ला उघडून पाहावा. तो लालभडक असावा, डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहू नये. मासेविक्रेत्या बाईसमोर असे पाहण्यात संकोच करण्याचे कारण नाही, ती स्वतःच कल्ला उघडून दाखवते. चिंबोऱ्यांबद्दल कोळीवाड्यातला अनुभव असा की अमावस्येच्या अंधाऱ्या रात्रींत त्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ. दिवाळी अमावस्येलाच येते, त्यामुळे ज्यांच्या घरी सणात मासे चालतात त्यांनी भाऊबीजेच्या आगेमागे चिंबोऱ्या अवश्य घ्याव्यात.

मासळीचा लिलाव आणि रापण पाहता येते का?

येते. दापोली तालुक्यातील हर्णैच्या बंदरात किनाऱ्यावरच लिलाव भरतो, रत्नागिरीत मिरकरवाडा आहे, आणि आमच्याकडे मालवण व वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बोटी लागल्या की गर्दी जमते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचे लांबलचक जाळे. ते ओढताना पाहुण्यांनी हात लावला तर कोणी नाही म्हणत नाही, परंतु आधी विचारावे आणि दोर ओढणाऱ्यांच्या रांगेत मध्येच छायाचित्रासाठी उभे राहू नये. ते त्यांच्या दिवसाच्या पोटाचे काम आहे.

सोलकढी, कोकम सरबत, आगळ, अमृत कोकम, आमसूल : यांत फरक काय?

हा गोंधळ फार जणांचा होतो, म्हणून सविस्तर लिहिते. कोकमाचे फळ, ज्याला आम्ही रातांबा म्हणतो, उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते. म्हणजे दिवाळीत तुम्ही जे काही पिता ते मे महिन्यात घातलेल्या बरणीतले असते. फळाची साल वाळवून, फळाच्याच रसात पुन:पुन्हा भिजवून, परत वाळवून जे होते ते आमसूल किंवा सोल. सालीला मीठ लावून सुटलेला गडद रस म्हणजे आगळ. त्यात साखर नसते आणि तो वर्षभर टिकतो. सालीच्या वाटीत साखर भरून, थरावर थर रचून, बरणी उन्हात ठेवल्यावर मिळणारा पाक म्हणजे अमृत कोकम, आणि त्यात पाणी घातले की कोकम सरबत होते. बियांपासून निघणाऱ्या घट्ट तेलाला मुठेल म्हणतात. थंडी पडू लागली की ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

सोलकढी या दोन गोष्टींच्या भेटीतून होते : नारळाचा जाड रस आणि आगळ, किंवा कोमट पाण्यात भिजवलेली सोले. एका नारळाला आठ-दहा सोले पुरतात. लसूण, हिरवी मिरची, मीठ, वर कोथिंबीर. ती उकळायची नाही, आणि अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवायची नाही. थोडा वेळ ठेवल्यावर वर रस आणि खाली पाणी असे थर दिसले तर ती नासली असे नव्हे, ढवळून घ्यावी. तिचा रंग फिका गुलाबी, जांभळटाकडे झुकणारा असतो. मागे एका ठिकाणी, नाव घेत नाही, मला झगझगीत गुलाबी कढी मिळाली होती, आणि वाटीच्या तळाशी रंगाचे कण उरले होते. नारळ महाग झाला की रसात पाणी वाढते आणि रंगाची बाटली बाहेर येते. असे आढळले तर तेथे ती परत मागवू नये आणि का मागवत नाही हेही शांतपणे सांगावे. कोकणातल्या एखाद्या गोष्टीसाठी मी भांडेन तर ती या कढीसाठी.

माडी, नीरा आणि मद्य यांबाबत काय नियम आहेत?

माडाच्या पोयीला, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याला, चीर देऊन जमवलेला रस पहाटे उतरवला की गोड असतो आणि काही तासांतच आंबून त्याची माडी होते. तिची विक्री परवानाधारक दुकानांतूनच कायदेशीर आहे, त्यामुळे वाटेत कोणी बाटलीत भरून दिली तर घेऊ नये. २ ऑक्टोबरला राज्यभर मद्यविक्री बंद असते. गोव्यातून परतणाऱ्यांसाठी महत्त्वाचे म्हणजे, तेथे विक्रीसाठी असलेले मद्य परवान्याशिवाय सीमेपलीकडे आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे, आणि सुट्टीच्या दिवसांत बांदा-इन्सुली परिसरात गाड्या तपासल्या जातात. शहाळे मात्र कोठेही थांबून प्यावे. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्यासारखे दुसरे पेय नाही.

दिवाळीत हापूस, ओले काजू किंवा पोपटी मिळेल का?

नाही. हापूस एप्रिल-मेमध्ये, ओले काजू फेब्रुवारी-मार्चमध्ये. रायगडातली पोपटी वालाच्या शेंगा भरल्यावर, म्हणजे थंडीत, भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात लावतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची तर या दिवसांत भातकापणीनंतर लागवड सुरू होते. आंबापोळी, फणसपोळी आणि डबाबंद आमरस वर्षभर मिळतात. ‘ताजा हापूस’ म्हणून ऑक्टोबरात कोणी काही विकत असेल तर तो बहुधा हापूस नसतो.

या काळात केवळ हिंदू सणांचेच पदार्थ असतात का?

नाही, आणि या प्रश्नाने मला नेहमी आनंद होतो. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचे मोठे सणही याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. रोश हशाना या नववर्षाला त्यांच्याकडे मराठीत ‘नव्याचा सण’ म्हणत, आणि त्यानंतर लगेच ‘खिरीचा सण’ येई, ज्यात नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर होत असे. आमच्या नवान्नाच्या खिरीपासून ती किती जवळ आहे हे सांगायला नको. एकाच मातीतला भात आणि एकाच माडाचा नारळ दोन्ही घरांत शिजत होता. नववर्षासाठी गव्हाचा चीक, नारळाचा रस आणि साखर आटवून चिकाचा हलवा करतात. मांसाबरोबर दूध न खाण्याचा त्यांचा धर्मनियम असल्याने नारळाचा रस त्यांच्या स्वयंपाकात फार मोलाचा ठरला. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने जो मलिदा वाटतात त्यातही भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असतात. आता बरीच कुटुंबे इस्राएलला गेली आहेत आणि गावांत मोजकीच उरली आहेत. अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ हे सिनेगॉग पाहता येते, पण सणाच्या दिवशी ते प्रार्थनास्थळ असते हे विसरू नये.

कोकणातला दिवाळीचा फराळ वेगळा असतो का?

फारसा नाही. करंजीला आमच्याकडे नेवरी म्हणतात आणि तिच्यात ओल्या खोबऱ्याचे सारण असते, त्यामुळे ती दोन दिवसांत संपवावी लागते. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांतले खाजाचे कानवले कोणी दिले तर नाही म्हणू नका, त्यांच्या पापुद्र्यांमागे दिवसभराची मेहनत असते.

दिवाळी संपल्यावर आलो तर काही उरते का?

उरते, आणि मला तर हा काळ अधिक आवडतो. कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात. भटजी वाडीतल्या एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात आणि त्यांच्यामागे मुलांची झुंड असते, कारण प्रत्येक अंगणात चुरमुरे, गूळ आणि खोबऱ्याचा प्रसाद मिळतो. तुळशीजवळ ऊस उभा केलेला असतो, वृंदावनात चिंचा-आवळे ठेवलेले असतात, आणि जुन्या घरांत यानंतरच नवा आवळा खायला सुरुवात करतात. रायगडात याच दिवसांत बाजारात करांदे हे कंद दिसतात. ते उकडून, साल काढून, मिठाबरोबर खावेत. किंचित कडसर असतात, पण ती चव लागली की सुटत नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रांना सुरुवात होते. सावंतवाडी तालुक्यातील सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा याच वेळची. आंगणेवाडीची जत्रा मात्र या हंगामात नसते. जत्रेत रात्रभर दशावतार चालतो आणि बाहेर खाज्याची दुकाने लागतात. मालवणी खाजे म्हणजे बेसनाच्या जाड कांड्या तळून आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या. कांडी मोडताना ‘कट’ असा आवाज आला आणि वरचा गूळ बोटाला चिकटला नाही तर खाजे ताजे. मध्यरात्री देवळामागच्या कढईशेजारी उभे राहून अजून गरम असलेले खाजे खाल्ले तर आल्याचा झणका आधी नाकात जातो आणि गोडी मागाहून येते. पाकीट विकत घेण्यापूर्वी एक कांडी मोडून दाखवायला सांगावे, दुकानदार आनंदाने दाखवतात.

आम्ही शाकाहारी आहोत. आमची गैरसोय होईल का?

मुळीच नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे, रायगडातले वालाचे बिरडे, अळूचे फदफदे, कुळथाची पिठी आणि भात, घावन आणि खोबऱ्याची चटणी, मोठ्या तवशाचे (काकडीचे) गूळ घालून केलेले धोंडस, एवढ्यावर आठवडा आनंदात जातो. मात्र खानावळीत तळणीचे तेल आणि तवा वेगळा आहे का हे आधी विचारून घ्यावे.

परतताना काय न्यावे आणि ते कसे टिकवावे?

आठवडे बाजारातून खरेदी करावी. कुडाळला बुधवारी आणि सावंतवाडीला मंगळवारी बाजार भरतो, आणि घाटावरच्या गावांतून आलेल्या बायका सकाळी लवकर बसतात. काजू घेताना सालीसकट भाजलेले मागून पाहावेत. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने, जे १९५७ साली सुरू झाले, काढलेल्या वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या जातींची कलमे येथील बागांत सर्वत्र आहेत. मालवणी मसाला उन्हाळ्यात कुटलेला असतो, तेव्हा तो कधीचा हे विचारावे. उकडा तांदूळ पेजेसाठी न्यावा. आगळाची बाटली प्लास्टिकची असेल तर घरी गेल्यावर काचेत ओतावी आणि ओला चमचा घालू नये.

नव्या भाताच्या पोह्यांत ओल जास्त असते. ते पिशवीत बांधून ठेवले तर पंधरवड्यात वास धरतात. घरी पोहोचताच जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या कपड्यावर पसरून दोन दुपार कडक ऊन द्यावे, सावलीत थंड होऊ द्यावे, आणि मगच डब्यात भरावे. त्यातले वाटीभर त्याच रात्री ओले खोबरे आणि गूळ घालून कालवून घ्यावेत. भिजवण्याची गरज नसते, खोबऱ्याच्या ओलाव्यानेच ते दहा मिनिटांत मऊ होतात.